फ्रान्सिस्काबायचं कललेलं झाड

आचऱ्याच्या अलीकडे, खाडीला लागून आमची वाडी आहे. तिथे फ्रान्सिस्का फर्नांडिस या बाईला फसवणं आजवर कोणाला जमलेलं नाही. मासेवालीने बांगडा पुढे केला की ती आधी कल्ला उघडून बघते, मग डोळा दाबून बघते, आणि शेवटी मासेवालीच्या तोंडाकडे बघते. हे शेवटचं बघणं सगळ्यात महत्त्वाचं, असं तिचं मत. चर्चमध्ये पापांची कबुली द्यायला बसली तरी बारीकसारीक पापंच सांगते. मोठी तिने थेट देवासाठी राखून ठेवली आहेत, कारण फादर झाला तरी शेवटी माणूसच.

हा स्वभाव तिला जन्माने मिळालेला नव्हता, नोकरीने मिळाला. विशीत असताना ती मालवणच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली. तेव्हा मुंबईला बोलायचं तर ट्रंक कॉल लावावा लागे, आणि तो बोर्डावर बसलेल्या मुलीच्या हातून जाई. कान बंद ठेवून ते काम होत नाही. लाइन लागली का, आवाज येतो का, हे ऐकावंच लागतं. एकदा एकाने मुंबईतल्या भावाला सांगितलं की आईची तब्येत ठणठणीत आहे, तू येऊ नकोस. फोन ठेवून पाच मिनिटांत त्याने दुसरा कॉल लावला, आणि आई आठवडा काढायची नाही, तेवढ्यात सह्या उरकून घेऊ, असं कोणाला तरी सांगितलं. फ्रान्सिस्काने दोन्ही कॉल जोडून दिले. नियमाप्रमाणे ती काही बोलू शकत नव्हती. त्या दिवसापासून माणसाचं बोलणं ऐकताना तिला त्याच्या मागचं दुसरं बोलणं ऐकू यायला लागलं. काही वेळा ते खरोखर असायचं, काही वेळा नसायचंही.

तिचा नवरा कुस्तोदियो बोटीवर होता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सुट्टीवर येताना त्याने पणजीहून एक रोप आणलं, डब्यात लावलेलं, वीतभर उंचीचं. अरोकेरिया असं त्याचं नाव. वाडीत त्याला सगळे ख्रिसमसचं झाड म्हणत. दुरून बघणाऱ्याला सुरूचा भाऊ वाटावा असं, पण सुरूपेक्षा सरळ आणि गच्च, फांद्या बुंध्याभोवती मजल्यामजल्याने निघालेल्या. कुस्तोदियोने ते अंगणात दक्षिणेच्या वईजवळ लावलं. वई म्हणजे आमच्याकडचं कुंपण. वईपलीकडे परशुराम आणि राधाबाईचं घर. पहिली काही वर्षं कुस्तोदियो नाताळात हात वर करून झाडाच्या शेंड्याला कागदी तारा बांधायचा. नंतर शिडी लागायला लागली. मग शिडीही पुरेना. कुस्तोदियो वारला तेव्हा झाड घराच्या तिप्पट झालं होतं, आणि खाडीच्या तोंडातून आत येणारे होडीवाले त्याच्या शेंड्यावर नजर ठेवून वाट काढत होते.

झाड थोडं कललेलं होतं, परशुरामच्या घराच्या बाजूला. लहानपणापासूनच तसं होतं, त्यामुळे कोणी मनावर घेतलं नव्हतं.

मग तौक्ते वादळ आलं. त्या मे महिन्यातल्या वाऱ्याने वाडीतले माड मोडले, कलमं मुळासकट उपटली, चॅपलच्या पत्र्यांचे तुकडे खाडीत सापडले. ख्रिसमसचं झाड मात्र उभं राहिलं. काही डहाळ्या गळल्या, एवढंच. फ्रान्सिस्काला त्याचा अभिमान वाटला. परशुरामला भीती वाटली. त्याने आपल्या पडवीच्या मोडलेल्या वाशांकडे बघितलं, मग वर झाडाकडे बघितलं, आणि वईच्या खिंडीतून तिच्याकडे आला.

"बाय, तुझा झाड दर वर्सा माझ्या घराकडे कलत येता," तो म्हणाला. "हसू नको. खराच सांगतंय."

"ता पयल्यापासून कललेलाच आसा," ती म्हणाली. "तुका आत्ता दिसाक लागला."

तो गेल्यावर ती बराच वेळ पायरीवर बसून राहिली. परशुराम चाळीस वर्षं शेजारी होता. झाडाच्या सावलीने आपल्या परसातलं आंब्याचं कलम धरत नाही, अशी कुरकूर त्याने पूर्वी केली होती. आता वादळाचं निमित्त मिळालं, असा हिशेब तिने मनात मांडला.

त्यानंतर मुलगा बोलायला लागला. नेव्हिल दोहाला इलेक्ट्रिशियन होता. त्याने तिकडून वादळाचे व्हिडिओ बघितले होते, आणि दर रविवारी फोनवर तो झाडाचा विषय काढायचा. तोडून टाकूया, परवानगी मी काढतो, माणसं मी बघतो. तिने विचारलं, झाड गेल्यावर त्या जागेचं काय करणार? तो म्हणाला, काही नाही. ती म्हणाली, काही करायचं नसेल तर एवढी घाई कशाला? खरं सांग, अंगण विकायचं मनात आहे का? त्यावर तो गप्प झाला, आणि पुढे दोनतीनदा विषय निघाला तेव्हाही असंच झालं. मग त्याने झाडाचं नाव घेणं सोडून दिलं. फ्रान्सिस्काला वाटलं, पोरगा समजला.

नेव्हिलची बायको फेबी ही वेंगुर्ल्याची. घरात माणसं दोनच, खोल्या पाच, आणि मालवणात पर्यटक तर धो धो यायला लागलेले. फेबीने तीन खोल्यांना रंग दिला, नवे पंखे बसवले आणि होमस्टे सुरू केला. पुण्याची, कोल्हापूरची कुटुंबं येऊन राहू लागली. फ्रान्सिस्का प्रत्येकाकडे पासपोर्ट तपासणाऱ्या साहेबासारखी बघायची, आणि ते गेल्यावर उशांचे अभ्रे जागेवर आहेत का ते बघायची. फेबी हसून सोडून द्यायची.

एका नोव्हेंबरमध्ये टेम्पो भरून गवत आलं.

गवत पैसे देऊन आणायचं, हे वाडीत पहिल्यांदाच घडत होतं. शोभेचं गवत होतं ते, कंबरेएवढं वाढणारं, बारीक पात्यांचं, आणि वर मांजराच्या शेपटीसारखे गुलाबी-तांबूस तुरे. फेबीने फाटकापासून पायरीपर्यंत दोन्ही बाजूंना त्याचे झुबके लावले. उन्हात ते पटकन वाढलं. संध्याकाळचा वारा सुटला की सगळे तुरे एकदम एका बाजूला झुकायचे आणि पाहुणे त्यात उभे राहून फोटो काढायचे. झाडाखाली लावलेले झुबके मात्र खुरटेच राहिले. सावलीत हे गवत येत नाही, आणि त्या झाडाच्या काटेरी, दोरीसारख्या डहाळ्या वरून पडून त्याला आणखी दडपायच्या.

फ्रान्सिस्काच्या नजरेतून ते खुरटे झुबके सुटले नाहीत. सुनेला गवतासाठी ऊन हवंय, आणि ऊन झाडाने अडवलंय. तिने ही गोष्ट मनात ठेवून दिली.

संध्याकाळी पायरीवर बसून सासू-सुनेची त्यावरून बोलाचाली व्हायची. फेबीचं म्हणणं असं की झाडाला चाळीस वर्षं द्यावी लागतात, आणि चुकीच्या जागी लावलं तर चूकही चाळीस वर्षं वाढते. गवत वर्षात तयार होतं. नाही आवडलं तर उपटून दुसरीकडे लावता येतं. वादळ आलं तर आडवं होतं, पुन्हा उठतं, कोणाच्या घरावर पडत नाही. फ्रान्सिस्काचं म्हणणं असं की जे उद्या उपटता येतं त्याचा भरवसा काय धरायचा? आणि झाड निदान बारा महिने एकसारखं दिसतं. तुझं गवत उन्हाळ्यात वाळून पेंढा होतं, कोणी विडीचं थोटुक टाकलं की घरापर्यंत आग. शिवाय त्यात फुरसं येऊन बसलं तर पाहुण्यांना काय सांगणार? फेबी म्हणायची, म्हणून तर दर वर्षी मार्चमध्ये बुडापासून कापायचं असतं. एकदा फेबीनेच मोबाईलवर वाचून सांगितलं की या जातीची झाडं विषुववृत्ताच्या उत्तरेला, आपल्या बाजूला, सगळीकडे दक्षिणेलाच कलतात, तो त्यांचा गुणच आहे, कलली म्हणजे पडतातच असं नाही. फ्रान्सिस्का म्हणाली, मोबाईलवर लोक काय वाटेल ते लिहितात. सून आपल्याच झाडाची बाजू घेते आहे हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये नेव्हिल सुट्टीवर आला. घराची वायरिंग दुरुस्त केली, पाहुण्यांच्या खोल्यांत गिझर बसवले, आणि गेला. त्यानंतरच्या पावसात झाडाला काहीतरी व्हायला लागलं. खालच्या फांद्या आधी फिकट झाल्या, मग तपकिरी. पावसाळ्यात सगळं हिरवंगार असताना ते झाड एका बाजूने करपत चाललं. फ्रान्सिस्काने शेण घातलं, चॅपलमध्ये मेणबत्ती लावली. गणपती होऊन पाऊस उणावला तेव्हा ती बुंध्याशी वाढलेलं रान काढायला बसली, आणि तिचा हात थांबला.

बुंध्याला, जमिनीलगत, भोकं होती. बोट जाईल एवढी, गोल, तिरकी, बुंध्याभोवती फिरत गेलेली. वरून लाल मातीने नीट लिंपलेली. माती पावसाने धुपली होती म्हणून दिसली. किड्याचं भोक असं लिंपलेलं नसतं. तिने काडी घालून बघितली तर आत काळं चिकट काहीतरी होतं, आणि त्याला औषधासारखा वास येत होता.

ती घरात गेली नाही. तशीच मातीच्या हातांनी चौकातल्या भाईच्या दुकानात गेली. सकाळची वेळ, दुकानात पाचसात माणसं. परशुराम साखर घेत होता.

"माझ्या झाडाक विष घालणारो माणूस ह्याच वाडयेत आसा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आणि तो माझ्या वईपलीकडे रवता."

परशुरामने साखरेची पुडी पिशवीत ठेवली आणि तो निघून गेला. माडावरून पडल्यापासून त्याचा डावा पाय ओढत चालतो. त्या दिवशी तो नेहमीपेक्षा हळू चालल्यासारखा वाटला. दुपारी त्याने वईची खिंड काट्यांनी बुजवली. त्या खिंडीतून चाळीस वर्षं कालवणाच्या वाट्या आल्या-गेल्या होत्या. राधाबाई विहिरीवर भेटली तेव्हा तिने मान फिरवली.

वाडीत दोन तट पडले. काही म्हणत, परशुरामने केलं असेल तरी चूक काय? घर वाचवायला माणूस काहीही करेल. काही म्हणत, तो असं लपून करणारा नव्हे. आणि काही जण फाटकातल्या गवताकडे बोट दाखवून गप्प राहत. फ्रान्सिस्काने ते गप्प राहणंही टिपलं. सुनेवरचा संशय गेला नव्हताच, फक्त परशुरामच्या मागे उभा होता.

चोर परत येतो, यावर तिचा विश्वास होता. तिने चुलीतली राख चाळली आणि रोज सकाळी बुंध्याभोवती पातळ पसरायला लागली. फेबीने विचारलं तर म्हणाली, मुंग्यांसाठी. दोन दिवस राखेत फक्त कोंबड्यांची नखं उमटली. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ती बघायला गेली तर राखेत माणसाची पावलं होती, अनवाणी. उजवं पाऊल नीट उमटलेलं, आणि डाव्या पावलामागे एक लांबट रेघ.

तिला आनंद झाला, असं तिने पुढे स्वतःच सांगितलं. आपण बरोबर होतो याचा आनंद. माणूस ओळखीचा निघाला याचं वाईट वाटायला हवं होतं, ते नंतर वाटलं.

पावलं दुपारी जेवणानंतर उमटली होती, ती आडवी होते त्या वेळेला. दुसऱ्या दिवशी ती खोलीत गेली, दार लोटलं, आणि मागच्या दाराने बाहेर पडून न्हाणीच्या आडोशाला उभी राहिली. फेबी पाहुण्यांना घेऊन मालवणच्या बाजारात गेली होती. ऊन रणरणत होतं. थोड्या वेळाने खाडीकडच्या बाजूने परशुराम आला. खांद्यावर कळशी होती. त्याने इकडेतिकडे बघितलं, बुंध्याशी बसला आणि कळशी सावकाश वाकडी केली.

ती त्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली तरी त्याला कळलं नाही.

"बरो गावलंस," ती म्हणाली.

तो दचकला नाही. बसूनच त्याने मान वळवली. तिने विचारलं, कळशीत काय आहे? तो म्हणाला, पाणी. ती म्हणाली, ते माझ्या डोळ्यांनाही दिसतंय, पाण्यात काय आहे? मग त्याने कळशी उचलली, तोंडाला लावली आणि घटाघट प्यायला. पाणी त्याच्या छातीवरून ओघळलं. उरलेलं त्याने बुंध्याला घातलं.

राखेतल्या पावलांच्या नादात फ्रान्सिस्काने भोकांकडे बघितलंच नव्हतं, ती आता खाली वाकून बघायला लागली. भोकांतलं काळं कोणीतरी खरवडून काढलं होतं आणि त्यांत पांढरा चुना भरला होता.

"माका भय मेलेल्या झाडाचा आसा, जित्याचा नाय," परशुराम म्हणाला. "जिता झाड वाऱ्याक धरून रवता. सुकला, म्हणजे कधी माझ्या माथ्यार येतला ता सांगूक येणा नाय. तू ता तोडूचं नाय. मगे ता जगाक होया."

तिने विचारलं, मग सांगितलं का नाहीस?

"आणि सांगून तू खरा मानलं असतंस?"

तो उठला. जाताना म्हणाला की ही भोकं हाताने पडलेली नाहीत, त्याला विजेवरचं यंत्र लागतं. वाडीत ते यंत्र कोणाकडे आहे याचा विचार तिनेच करावा. त्याच्याकडे तर साधा गिरमिटही नव्हता.

ड्रिल मशीन तिच्याच घरात, माळ्यावर, नेव्हिलच्या पेटीत होतं. ती शिडी लावून वर चढली. मशीन पुसून ठेवलेलं होतं, पण मोठ्या पात्याच्या खाचांमध्ये लाकडाचा भुगा अडकला होता, आणि तो चिकाने पात्याला धरून बसला होता. भिंतीला भोक पाडल्यावर भुगा पांढरा निघतो, सिमेंटचा. हा पिवळसर होता. तिने नाकाशी नेला. दर नाताळात फांद्या छाटताना येतो तो वास होता.

मशीन घेऊन ती पायरीवर बसली. संध्याकाळी फेबी आली तेव्हा पाहुणे आत जाईपर्यंत थांबली आणि मग ते तिच्यासमोर ठेवलं. तुझ्या गवताला ऊन हवं होतं ना, असं म्हणाली. आणखीही बरंच काही म्हणाली, त्यातलं सगळं सांगण्यासारखं नाही. फेबी उभी राहून ऐकत होती. तिचे डोळे भरले, पण आवाज चढला नाही.

"तुमी माका कधी इचारलातच नाय, मम्मी," ती म्हणाली. "निस्ती नजर ठेवलात."

मग तिने आपला फोन काढला, नेव्हिलचा नंबर लावला आणि सासूच्या हातात दिला.

फ्रान्सिस्काने सरळ विचारलं. पलीकडून उत्तर आलं नाही. लाइन चालू होती. मागे कुठेतरी गाडीचा हॉर्न वाजला, आणि मग नुसता श्वास. बोर्डावर बसून अशी शांतता तिने शेकडो वेळा ऐकली होती, दुसऱ्यांच्या घरांतली. उत्तर यायच्या आधीच तिला ते कळलं.

"मीच केलंय ता," नेव्हिल म्हणाला.

सुट्टीत ती मावसबहिणीकडे मिठबावला गेली होती त्या दिवशी त्याने भोकं पाडली आणि तणनाशक ओतलं. झाड आपोआप सुकलं असं वाटेल, मग आईच तोडायला सांगेल, असा त्याचा विचार. तौक्तेनंतर दर पावसाळ्यात तिकडे दोहात बसून तो वाऱ्याचे अंदाज बघत राहायचा. घरात आई आणि फेबी दोघीच, आणि शेजारी परशुरामकाका. तीनदा विचारलं, तर आईने त्याला अंगण विकायला निघालेला ठरवलं. चौथ्यांदा विचारायचं त्याला धैर्य झालं नाही. फेबीला त्याने नंतर सांगितलं, आणि आईला सांगू नको अशी शपथ घातली. परशुरामवर आळ आला तेव्हा फेबी रोज त्याला फोन करून सांगत होती की तू तरी बोल, नाहीतर मी बोलते. तो आज बोलतो, उद्या बोलतो करत राहिला.

फ्रान्सिस्काने सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही. फोन फेबीकडे दिला आणि आत जाऊन दिवा न लावता बसली. फेबीने पेज नेऊन दिली, ती तिने निमूट प्यायली. एरवी सुनेने दिलेला चमचाही ती पुसून घ्यायची, त्या दिवशी पहिल्यांदाच घेतला नाही, असं फेबी सांगते.

दुसऱ्या दिवशी ती परशुरामकडे गेली, रस्त्याने, कारण खिंडीत काटे होते. परशुराम ओसरीवर सुंभ वळत बसला होता. तिने मुलाचं नाव घेऊन सगळं सांगितलं, आणि दुकानात जे बोलले ते दुकानातच परत घेईन म्हणाली. राधाबाई आतून आली नाही. परशुराम म्हणाला, दुकानात काही नको, लोक विसरत आले आहेत, पुन्हा आठवण कशाला? बस म्हणाला नाही. ती उभ्या उभ्याच परत आली. तरी भाईच्या दुकानात जाऊन तिने तेवढ्याच मोठ्या आवाजात सांगितलं की परशुरामने काही केलेलं नाही, माझ्याच घरातून झालं. कोणी केलं ते सांगितलं नाही. न सांगताच सगळ्यांना समजलं.

झाड काही वाचलं नाही. दिवाळीनंतर शेंडाही करपला. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रातले एक जण फेबीच्या ओळखीने येऊन बघून गेले, आणि आता आशा नाही, पुढच्या पावसाच्या आत उतरवा म्हणाले. फ्रान्सिस्का त्यांच्यामागून फाटकापर्यंत गेली. तुम्हाला हे सांगायला कोणी सांगितलं का, असं विचारायचं तिच्या ओठावर आलं होतं. तिने नाही विचारलं.

नाताळ गेल्यावर लवू आला. लवू माड चढणारा माणूस, उंच झाडं वरून खाली तुकड्यातुकड्याने उतरवतो. दोर बांधून त्याने आधी शेंडा उतरवला, मग एकेक मजला. परशुरामने आपल्या पडवीवरची कौलं काढून ठेवली होती आणि दोर धरायला तो स्वतः उभा राहिला. कोणी बोलावलं नव्हतं. एक ओंडका झोका खाऊन त्याच्या न्हाणीच्या भिंतीला लागला, भिंत थोडी फुटली. फ्रान्सिस्काने दुसऱ्याच दिवशी गवंडी पाठवला.

शेवटी बुंधा कापला तेव्हा सगळे बघायला जमले. आत पोकळी नव्हती, कीड नव्हती. पांढरं, घट्ट, स्वच्छ लाकूड होतं. फक्त कडेने, भोकांच्या भोवती, काळे डाग पसरलेले.

"ह्या पडला नसता," लवू म्हणाला.

"ता कोण सांगतलो," परशुराम म्हणाला.

दोघांतलं कोण बरोबर, हे फ्रान्सिस्का अजून ठरवू शकलेली नाही. नेव्हिलला तिने फोनवर एवढंच सांगितलं की झाड उतरलं, कोणाला लागलं नाही. तो रडला. त्यानंतर त्याचा रविवारचा फोन आला की आधी फेबीने बोलावं असं ती खुणेने सांगते. मग घेते, दोन शब्द बोलते. त्या घरातल्या कपाटाच्या किल्ल्या आता फेबीकडे आहेत. ज्या सुनेवर डोळ्यात तेल घालून नजर ठेवली, तिच्यावरच आता ती विसंबते. मुलाशी मात्र बोलताना ती अजूनही मधल्या शांततेकडे कान देते. फेबी म्हणते, जाईल हळूहळू. फ्रान्सिस्का तसं काही म्हणत नाही.

झाड गेल्यावर अंगणात ऊनच ऊन झालं. फोटो काढायला पाहुणे आणखी खूश. खुरटलेले झुबके पावसाळ्यात असे फोफावले की पायरीपर्यंत वाट राहिना. ऑक्टोबरात तुऱ्यांचा नुसता समुद्र झाला, आणि आता वारा अडवायला मधे काही नव्हतं. तुरे पिकले तसं बी उडून वईपलीकडे परशुरामच्या मळ्यात गेलं. भात कापून झाल्यावर मळ्यात गेलेल्या राधाबाईला मेरेवर, म्हणजे बांधावर, ते बारीक पात्याचं गवत उगवलेलं दिसलं. एकदा रुजलं की मुळं धरून बसतं, गुरं तोंड लावत नाहीत. राधाबाई तक्रार करायला आली नाही. भाईच्या दुकानात बोलली, तिथून ते फ्रान्सिस्काच्या कानावर आलं.

पूर्वीची फ्रान्सिस्का असती तर हे बी राधाबाईने मुद्दाम दाखवायला पेरलं असं म्हणाली असती. या वेळी ती कोयता घेऊन अंगणात उतरली आणि सगळे तुरे कापायला लागली. फेबी धावत आली. शनिवारी पाहुणे येणार होते, गवताचे फोटो बघूनच त्यांनी खोली घेतली होती. फ्रान्सिस्काने हात थांबवला नाही. फेबीने थोडा वेळ बघितलं, मग आतून दुसरा कोयता आणला. पाहुण्यांना बुटके, बोडके झुबके बघायला मिळाले. एक बाई नाराज झाली, बाकीचे समुद्रावर निघून गेले.

मग फ्रान्सिस्का खुरपी घेऊन मळ्यात गेली. राधाबाई मेरेवर बसून गवत उपटत होती. फ्रान्सिस्का तिच्यापासून हातभर अंतरावर बसली आणि दुसऱ्या बाजूने उपटायला लागली. दोघींच्या मधे उपटलेल्या गवताचा ढीग वाढत गेला. मग राधाबाईने फ्रान्सिस्काच्या हातातलं हरळीचं एक रोपटं काढून बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "ह्या आमचा हरळ. ह्या नको उपटू."

"बरा," फ्रान्सिस्का म्हणाली, आणि ते रोपटं परत मातीत दाबलं.